ट्रान्झॅक्शन गेलं, पण झालं का?

मी मूळची फ्रंटएंडवाली. रिअ‍ॅक्ट, फॉर्म, पेमेंट गेटवे जोडून देणं हा रोजचा धंदा. ब्लॉकचेनबद्दल माझं मत फार काही चांगलं नव्हतं, अजूनही पूर्ण बदललंय असं नाही, पण काम आलं. क्लायंट दुबईत, मूळचे सांगलीचे, छोटा डिझाइन स्टुडिओ चालवतात आणि वेगवेगळ्या देशांतल्या फ्रीलान्सर लोकांना यूएसडीसीमध्ये (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं, इथेरियम या ब्लॉकचेनवर चालणारं टोकन) पैसे देतात. त्यांना एक साधं पान हवं होतं, शिल्लक दिसली पाहिजे, पैसे पाठवता आले पाहिजेत, मागचे व्यवहार दिसले पाहिजेत, बस. "पेमेंट गेटवेसारखंच आहे हो मॅडम, फक्त मधे बँक नाही," असं ते म्हणाले. ते मधे बँक नसणं म्हणजे नेमकं काय काय नसणं हे पुढे कळत गेलं.

इथेरियमशी जावास्क्रिप्टमधून बोलायला लायब्ररी लागते, तिचा प्रश्न लवकर सुटला. नेटवरची निम्मी ट्युटोरियल वेब३ जेएसची आहेत, पण ती लायब्ररी सांभाळणाऱ्या चेनसेफने मार्च २०२५ मध्ये तिचं काम थांबवलं, म्हणजे नवीन प्रोजेक्ट तिच्यात सुरू करण्यात काही अर्थ नाही. राहिले दोन, इथर्स आणि व्हिएम. आधीच्या डेव्हलपरने थोडं काम इथर्सच्या व्हर्जन ५ मध्ये करून ठेवलं होतं, म्हणून मी इथर्सच घेतलं पण व्हर्जन ६. या ५ आणि ६ मधला फरक दिसायला किरकोळ आहे पण जुनं उत्तर कॉपी करून चिकटवलं की हमखास अडकायला होतं. प्रोव्हायडर्स आणि युटिल्स ही मधली नावं उडाली, वेब३प्रोव्हायडरचा ब्राउझरप्रोव्हायडर झाला (प्रोव्हायडर म्हणजे नेटवर्कशी जोडणी), गेटसाइनरला (साइनर म्हणजे व्यवहारावर सही करणारा) आता अवेट लावावा लागतो आणि तो विसरलात तर हातात साइनरऐवजी प्रॉमिस येतं आणि एरर येते ती भलतीकडेच, कॉन्ट्रॅक्टचा (म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या प्रोग्रॅमचा) अ‍ॅड्रेस टार्गेट या नावाखाली गेला. त्यामुळे कुठलंही उदाहरण वाचताना पहिल्यांदा हे ५ चं आहे की ६ चं ते बघायचं, मग पुढचं.

सुरुवात वाचण्यापासून केली आणि तो भाग खरंच मस्त आहे. एक आरपीसी यूआरएल (नेटवर्कमधल्या एखाद्या नोडचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, वेबपत्ता) घ्यायची, जेसनआरपीसीप्रोव्हायडरला द्यायची, गेटब्लॉकनंबर म्हणायचं, आला शेवटच्या ब्लॉकचा, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्याचा, आकडा. दर १२ सेकंदांनी एक वाढतो (मधे एखादा स्लॉट रिकामा जातो, पण सहसा तेच). लॉगिन नाही, प्रायव्हेट की (सहीची गुप्त किल्ली) नाही, वॉलेट नाही. पेमेंट गेटवेच्या दुनियेतून आलेल्या माणसाला हे जरा अंगावर येतं, कारण कुणाच्याही अ‍ॅड्रेसची शिल्लक कुणीही विचारू शकतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. कारण असं की वाचण्याचा कॉल एकाच नोडकडे जातो, तो नोड आपल्यापुरतं कोड चालवून बघतो, उत्तर देतो आणि विसरून जातो. बाकी नेटवर्कला पत्ताच नसतो.

मग एबीआय. कॉन्ट्रॅक्टच्या अ‍ॅड्रेसवर फक्त बाइटकोड पडलेला असतो, त्यात फंक्शनची नावं वगैरे काही नसतात. आपण बॅलन्सऑफ (शिल्लक विचारणारं फंक्शन) म्हणतो तेव्हा इथर्स त्या फंक्शनच्या सहीचा, म्हणजे नाव आणि कंसात आर्ग्युमेंटचे प्रकार एवढ्याच मजकुराचा, केकॅक-२५६ हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढतं, त्यातले पहिले ४ बाइट घेतं, मागे २० बाइटचा अ‍ॅड्रेस शून्यं लावून ३२ बाइटचा करून जोडतं आणि हे ३६ बाइट पाठवून देतं. एबीआय म्हणजे हे कसं बांधायचं आणि आलेलं उत्तर कसं उलगडायचं त्याची यादी. मी एकदा मुद्दाम लायब्ररी बाजूला ठेवून हे हाताने बांधून पाठवलं, उत्तर ३२ बाइटचं हेक्स आलं, ते आकड्यात बदललं तर बरोबर शिल्लक. हे एकदा करून बघाच, त्यानंतर लायब्ररीची जादू वाटत नाही, आणि एरर वाचायला भीती वाटत नाही.

आता गंमत यूएसडीसीची. इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार आणि कोड दाखवणारी साइट) यूएसडीसीच्या अ‍ॅड्रेसवर गेलं, कोडच्या टॅबमधून एबीआय उचलला, कोडमध्ये टाकला, तर बॅलन्सऑफ नावाचं फंक्शनच नाही म्हणे. बघितलं तर एबीआयमध्ये अ‍ॅडमिन, अपग्रेडटू, चेंजअ‍ॅडमिन असलंच काहीतरी. कारण काय तर तो कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी आहे. खरं लॉजिक दुसऱ्या अ‍ॅड्रेसवर, आणि हा पुढे उभा राहून सगळे कॉल तिकडे वळवतो, म्हणजे उद्या लॉजिक बदललं तरी अ‍ॅड्रेस तोच राहतो. मग लगेच वाटतं की चला त्या दुसऱ्या अ‍ॅड्रेसलाच विचारू, तर तिथे शिल्लक शून्य, कारण डेटा सगळा प्रॉक्सीच्या स्टोरेजमध्ये असतो. म्हणजे अ‍ॅड्रेस प्रॉक्सीचा आणि एबीआय मागच्याचा, अशी जोडी लावायची. शेवटी मी तो लांबलचक एबीआय काढूनच टाकला. इथर्समध्ये फंक्शनच्या सह्या साध्या वाक्यासारख्या लिहून चालतात, मला हवी होती बॅलन्सऑफ, डेसिमल्स, ट्रान्सफर आणि ट्रान्सफर हा इव्हेंट (व्यवहार झाल्याची कॉन्ट्रॅक्टने केलेली नोंद), चार ओळींत काम झालं आणि दुसऱ्याला वाचताही येतं.

अजून एक एरर सांगून ठेवते कारण ती सगळ्यांना येते, बॅड डेटा, आणि व्हॅल्यू म्हणून नुसतं झीरोएक्स (0x, म्हणजे रिकामं उत्तर). याचा अर्थ नव्वद टक्के वेळा एवढाच असतो की त्या नेटवर्कवर त्या अ‍ॅड्रेसला कॉन्ट्रॅक्टच नाही. मेननेटचा (खऱ्या पैशांचं नेटवर्क) अ‍ॅड्रेस आणि सेपोलियाचा (सरावाचं टेस्टनेट) प्रोव्हायडर, किंवा उलटं. गेटकोड म्हणून विचारलं आणि परत नुसतं झीरोएक्स आलं की समजायचं तिथे रिकामं रान आहे. मी पान सुरू होतानाच चेन आयडी (प्रत्येक नेटवर्कचा क्रमांक) तपासायचा कोड टाकला, मेननेट १, सेपोलिया १११५५१११, दुसरं काही आलं तर पुढे जाऊच द्यायचं नाही.

आकड्यांवर मात्र जरा थांबते. यूएसडीसीला ६ डेसिमल, इथरला (इथेरियमचं स्वतःचं चलन) १८. कॉन्ट्रॅक्टला अपूर्णांक माहीतच नाहीत, १२.५ यूएसडीसी म्हणजे त्याच्यासाठी १२५०००००. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा, आणि ०.०१ इथर म्हणजेच वेईमध्ये (इथरचं सगळ्यात लहान एकक) १ वर १६ शून्यं, म्हणजे शंभरावा हिस्साच मर्यादेबाहेर गेला. म्हणून व्हर्जन ६ सगळे पूर्णांक बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारा प्रकार) म्हणून देतं. सगळे म्हणजे सगळे, डेसिमल्सला विचारलं तर येणारा ६ सुद्धा बिगइंट! मग जुना कोड १० चा घात काढायला जातो आणि बिगइंट आणि नंबर एकत्र चालत नाहीत म्हणून आदळतो. तोच बिगइंट जेसन स्ट्रिंगिफाय करायला गेलात तर तिथेही एरर. आमच्या बॅकएंडवाल्याने वैतागून सगळं नंबरमध्ये बदलायला घेतलं होतं, त्याला हात जोडून थांबवलं, आता एपीआयमधून रक्कम कायम स्ट्रिंग म्हणून जाते आणि दाखवायच्या शेवटच्या क्षणी फॉरमॅटयुनिट्स (पूर्णांकाची पुन्हा डेसिमलवाली रक्कम करणारं फंक्शन).

आणि पार्सइथर हे फंक्शन टोकनच्या कोडमध्ये दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते १८ डेसिमल धरतं, यूएसडीसीला ६, म्हणजे रक्कम एक लाख कोटी पट फुगते. ट्रान्सफरमध्ये हे झालं तर एक बरं असतं, एवढी शिल्लक नसल्याने कॉन्ट्रॅक्टच नाही म्हणतो. अप्रूव्हमध्ये झालं तर? अप्रूव्ह शिल्लक बघतच नाही, ते निमूट पास होतं आणि समोरच्या कॉन्ट्रॅक्टला तुमच्या खात्यातून हवं तेवढं उचलायची परवानगी मिळून बसते. सुदैवाने आमच्या कामात अप्रूव्हची गरजच नव्हती आणि जिथे गरज नाही तिथे ते ठेवूच नये या मताची मी आहे. कितीतरी साइट पहिल्याच क्लिकला अमर्याद परवानगी मागतात आणि लोक पॉपअप न वाचता देऊन मोकळे होतात.

रक्कम टाकायच्या बॉक्सचीही एक गोष्ट. आमच्या टेस्टिंगवाल्या ताईंचा कीबोर्ड मराठीत होता, त्यांनी मजेत ५० असं देवनागरीत टाकलं, पार्सयुनिट्सने (लिहिलेली रक्कम पूर्णांकात बदलणारं फंक्शन) लगेच नकार दिला. मग १,००,००० असं स्वल्पविरामाने टाकलं, परत नकार. मग १२.१२३४५६७, सात डेसिमल, परत नकार. तिन्ही नकार योग्यच आहेत, पण युजरला लाल अक्षरात असल्या इंग्रजी एरर दाखवून काय उपयोग, म्हणून आकडे आधी स्वच्छ करून घ्यायचं एक छोटं फंक्शन लिहिलं. डेसिमल जास्त असतील तर मात्र मी गुपचूप कापत नाही, सरळ सांगते की सहाच चालतील. पैशात गुपचूप काही करायचं नाही.

मग आलं पाठवणं. त्यासाठी साइनर लागतो, ब्राउझरमध्ये तो मेटामास्ककडून (ब्राउझरमधलं वॉलेट) मिळतो, प्रायव्हेट की आपल्याकडे येतच नाही, आपण फक्त सही मागतो. साइनर न जोडता प्रोव्हायडरवरच ट्रान्सफर मारलं तर लायब्ररी स्पष्ट सांगते की हा रनर ट्रान्झॅक्शन पाठवू शकत नाही. टेस्टनेटवर यूएसडीसी ते काढणाऱ्या सर्कल कंपनीच्या फॉसेटमधून (टेस्टची नाणी फुकट देणारी साइट) सहज मिळाले, सेपोलियाचं इथर मिळवायलाच जास्त उंबरे झिजवावे लागले, बऱ्याच फॉसेटना आधी मेननेटवर थोडी शिल्लक लागते. आणि दोन्ही लागतातच. क्लायंटचा पहिल्याच डेमोला फोन, "अहो मॅडम, खात्यात डॉलर दिसतायत की, मग जात का नाहीत?" तर गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, इथरमध्ये भरावा लागतो, डॉलर कितीही असोत, खात्यात इथर शून्य असेल तर पान हलत नाही. शेवटी बटणाच्या खाली इथरची शिल्लक पण दाखवायला लागले, कमी असेल तर नारिंगी रंगात.

आता मुख्य भानगड. कॉन्ट्रॅक्टचं ट्रान्सफर अवेट केलं की परत काय येतं? मला वाटत होतं ट्रू किंवा फॉल्स, कारण सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) फंक्शन बूलियन परत करतं असं लिहिलेलं आहे. ते कधीच येत नाही. येतं ते ट्रान्झॅक्शनचं ऑब्जेक्ट, ज्यात हॅश असतो, म्हणजे तलाठ्याकडे अर्ज दिल्यावर मिळणारी पोच, सातबाऱ्यावर नाव अजून लागलेलं नाही. ते लागलं की नाही हे वेट या फंक्शनने कळतं, ते ब्लॉकमध्ये जाईपर्यंत थांबतं आणि रिसीट देतं, त्यात स्टेटस १ असेल तर झालं. जुन्या कोडमध्ये हॅश आला की हिरवी टिक दाखवली जात होती! म्हणजे अर्ज दिला की जमीन नावावर. आधीच विचारून बघायचं असेल तर स्टॅटिककॉल आहे, तो खोटं खोटं चालवून दाखवतो, तिथे ट्रू मिळतं, पण ते त्या क्षणापुरतं, दोन ब्लॉकनंतर शिल्लक बदलली असेल तर त्याला अर्थ नाही.

फेल होण्याचे प्रकारही वेगवेगळे. बहुतेक चुका गॅसचा अंदाज काढतानाच उघडतात, म्हणजे मेटामास्कचं पॉपअप यायच्या आधीच कॉल एक्सेप्शन येतं आणि पैसे वाचतात. त्यातून निसटून ब्लॉकमध्ये जाऊन जर फेल झालं तर गॅस गेला तो गेला, परत मिळत नाही. कारण काय ते रीझनमध्ये मिळतं, पण नवीन कॉन्ट्रॅक्ट कस्टम एरर वापरतात आणि ती एरर तुमच्या एबीआयमध्ये लिहिलेली नसेल तर अननोन कस्टम एरर एवढंच हाती लागतं, त्यामुळे माझ्या त्या सुटसुटीत एबीआयच्या पद्धतीला ही एक किंमत आहे, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टसाठी वापराल तर एररच्या ओळी पण टाका. युजरने स्वतःच रिजेक्ट दाबलं तर येते अ‍ॅक्शन रिजेक्टेड, ती एरर म्हणून दाखवायचीच नाही, माणसाने विचार बदलला एवढंच.

आणि ज्याने मला खरंच घाम फोडला ते ट्रान्झॅक्शन रिप्लेस्ड. टेस्टिंगमध्ये एक ट्रान्सफर पेंडिंग राहिलं, ताईंनी मेटामास्कमध्ये स्पीड अप दाबलं. स्पीड अप म्हणजे तोच नॉन्स (खात्यातून गेलेल्या व्यवहाराचा अनुक्रमांक) घेऊन जास्त फी देऊन नवीन ट्रान्झॅक्शन पाठवणं, त्याचा हॅश वेगळा. जुना हॅश आता कधीच ब्लॉकमध्ये जाणार नाही, म्हणून वेट एरर फेकतं. पानावर लाल पट्टी, पाठवता आले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा. आणि पैसे तर पोचलेले! कुणी खरंच पुन्हा प्रयत्न केला असता तर दोनदा गेले असते, आणि इथे चार्जबॅक नाही, कस्टमर केअर नाही, ज्याला गेले त्याने मनाने परत दिले तरच. त्या एररच्या आत सगळी माहिती असते पण, रीझनमध्ये रिप्राइस्ड असेल तर फक्त फी बदललीय, व्यवहार तोच आणि रिसीटही तिथेच मिळते, कॅन्सल्ड असेल तर युजरने रद्द केलं, रिप्लेस्ड असेल तर त्या नॉन्सवर भलताच व्यवहार गेला. हे तीन रस्ते वेगळे केले तेव्हा कुठे मला त्या बटणाचा भरवसा वाटायला लागला. ट्युटोरियलमध्ये हा भाग मला कुठे दिसला नव्हता, सगळी उदाहरणं वेटच्या ओळीवर येऊन खुशीत संपतात.

नॉन्सवरून आठवलं, पगाराच्या दिवशी एकदम सगळ्यांना पाठवायची एक स्क्रिप्ट पण त्यांना हवी होती. प्रॉमिस ऑल लावून सगळे एकत्र सोडले की दोघांना एकच नॉन्स मिळतो आणि एक जातं, दुसरं आपटतं. इथर्समध्ये नॉन्समॅनेजर आहे, पण मी साधा लूप लावून एकामागून एक पाठवलं, माणसं मोजकीच आहेत, कुणाची ट्रेन सुटत नव्हती.

हिस्टरी इव्हेंटमधून काढली. ट्रान्सफर इव्हेंटमध्ये फ्रॉम आणि टू इंडेक्स्ड असतात, त्यामुळे फिल्टर लावून फक्त आपल्या अ‍ॅड्रेसचे मागता येतात, क्वेरीफिल्टरला कुठल्या ब्लॉकपासून कुठपर्यंत ते द्यायचं. दिवसाला साधारण ७२०० ब्लॉक होतात, वर्षभराचे एकदम मागितले तर आरपीसीवाले सरळ नाही म्हणतात, म्हणून तुकडे करून मागायचे आणि मिळालेले डेटाबेसमध्ये ठेवून पुढच्या वेळी तिथून पुढचेच विचारायचे. ताजे काही ब्लॉक मी डेटाबेसमध्ये घेत नाही, फायनलाइज्ड (पक्के) झाले की मगच, म्हणजे साधारण तेरा मिनिटांनी, कारण त्याआधी चेनचं टोक थोडं मागेपुढे होऊ शकतं.

हे सगळं सेपोलियावर नीट चालल्यावर वाचायचा भाग मेननेटला जोडला, क्लायंटच्या खऱ्या अ‍ॅड्रेसवर. आणि हिस्टरीत असे व्यवहार दिसायला लागले जे त्यांनी केलेच नव्हते. त्यांच्या खात्यातून, शून्य यूएसडीसी, कुणाला तरी. फोनवर त्यांचा आवाज चढलेला, "माझं वॉलेट हॅक झालंय का ते आधी सांगा." नव्हतं झालं. ट्रान्सफरफ्रॉम (दुसऱ्याच्या खात्यातून पैसे हलवणारं फंक्शन) शून्य रकमेसाठी कुणीही कुणाच्याही नावाने करू शकतं, कारण शून्य उचलायला परवानगी लागत नाही, आणि कॉन्ट्रॅक्ट इमानदारीत इव्हेंट नोंदवतो. फसवणारे लोक याचाच फायदा घेतात, तुम्ही नेहमी ज्याला पैसे पाठवता त्याच्या अ‍ॅड्रेससारखा, पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणारा अ‍ॅड्रेस तयार करतात आणि तुमच्या हिस्टरीत घुसवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून अ‍ॅड्रेस कॉपी कराल तर पैसे त्यांच्याकडे. अ‍ॅड्रेस पॉयझनिंग म्हणतात याला. चेकसम इथे काही मदत करत नाही, तो टायपिंगची चूक पकडतो, हा अ‍ॅड्रेस तर पूर्ण वैध असतो.

शून्य रकमेचे व्यवहार मी यादीतून काढून टाकले, हिस्टरीतलं कॉपीचं बटण काढलं आणि ज्यांना पैसे जातात त्यांची नावासकट वेगळी यादी केली, पाठवताना फक्त त्यातूनच निवडायचं. आणि अ‍ॅड्रेस मधे तीन टिंब देऊन छोटा दाखवायची जी सगळीकडे फॅशन आहे ती बंद केली, पूर्ण ४२ अक्षरं. डिझायनर अजून रुसलेला आहे, मोबाईलवर त्याच्या दोन ओळी होतात म्हणून.